कोतवालानं खोटी दवंडी दिली नव्हती

काकाजी, तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तुमचं जलदान, पाचव्या दिवसाचा विधी, म्हणून मी काकूंजवळ बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात मालकाचा फोन आला. मालक म्हणजे दिग्रसचा कृषी केंद्रवाला, खतं-बियाणं विकणारा. त्याच्या चॅनेलवर तुम्ही बोलायचे आणि तुमचं बोलणं मी लिहायची. हळहळ त्यानं एका दमात उरकली. मग म्हणाला, "प्रणाली, कोतवालावर व्हिडिओ टाकून राह्यलो. फोटोले हार लावला, म्युझिक झालं. फक्त पहिली लाइन दे. अशी दे का पाहणाऱ्याचं बोट जागच्या जागी थांबलं पाहिजे."

"देते," मी म्हटलं.

काकूंनी विचारलं कोणाचा फोन. मी म्हटलं, रिचार्जवाल्याचा. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर मी आणखी एक खोटं बोलले. ते शेवटचं.

ओळ मी त्याला दिली, काकाजी. त्याला पाहिजे होती तशी नाही दिली. कशी दिली ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हे वाचून कोणी म्हणू नये की पोरगी शोक करते आहे. शोक काकूंनी करावा, त्यांचा तो हक्क आहे. मी सूड घेतला आहे आणि तो कसा घेतला तेच लिहिते आहे.

लहानपणी मला तुमचा आवाज आधी माहीत झाला, चेहरा नंतर. तलाठ्याचा निरोप, ग्रामसभा, रेशनची गाडी, लेकरांचा पोलिओचा डोस, सगळं गावाला तुमच्या तोंडून कळायचं. दुसऱ्या गावांचे कोतवाल डफडं वाजवत यायचे. तुम्ही नोकरीच्या पहिल्याच दिवशी तलाठ्याला सांगून टाकलं होतं, "साहेब, माह्या बापानं दीक्षा घेतली तवा डफडं विहिरीत टाकलं. ते मी काढत नाही. आवाज देतो, म्हणसान तेवढा मोठा देतो." तीस वर्षं तुम्ही नुसत्या गळ्यावर दवंडी दिली, आपल्या गावात आणि नाल्यापलीकडच्या तांड्यात. म्हणून तांड्यातल्या म्हातारीलाही न पाहता कळायचं, हा कोतवाल बोलला, म्हणजे हा सरकारी हुकूम.

मालकाचा डोळा याच आवाजावर होता.

तुम्ही रिटायर झाले त्याच वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली. बाबांनी निकालाचा कागद दारात आलेल्या भाजीवाल्यालाही दाखवला. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून पाहिला आणि म्हणाले, "आता हिले नावानं हाक नाही मारायची. बीए म्हणायचं." आणि मरेपर्यंत म्हटलं. "काय वं बीए, जेवली का?" मला ते आवडायचं, सांगायला लाज नाही. ती पदवी मी एसटीत उभ्यानं प्रवास करून, दुसऱ्यांची पुस्तकं मागून, लोकांची बोलणी खाऊन मिळवली होती. चेष्टेत का होईना, कोणी तिचं नाव घेतलं की बरं वाटायचं.

मालकानं मला कामावर घेतलं आणि यवतमाळला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. शिकवणारा पोरगा माझ्याच वयाचा, पांढरेशुभ्र बूट घातलेला. त्यानं फळ्यावर एकच आकडा लिहिला, पाच. म्हणाला, व्हिडिओचे पहिले पाच सेकंद, बाकी सगळं गवत. पाच सेकंदांत माणूस अडकला पाहिजे. भीती दाखवा, उलटं बोला, अर्धं बोला. अर्धं बोललं की उरलेलं ऐकायला तो थांबतो. मी वहीभर उतरवून घेतलं. हुशार होतेच मी. महिन्याभरात मला अशा ओळी भांडी घासतानाही सुचायला लागल्या. 'ही चूक तुमच्याही वावरात होऊन राह्यली.' 'सोयाबीनचं एक पान उलटून पाहा, हादरून जासान.' 'दुकानदार तुम्हाला हे कधीच सांगणार नाही.'

ही शेवटची वाचून तुम्ही चष्मा काढला होता.

"बीए, मी बसलो कुठं?"

"दुकानात."

"कोणाच्या?"

"दुकानदाराच्या."

"मंग हे सांगून कोण राह्यलं?"

कॅमेरावाला खाली बसून हसला. मालक म्हणाला, "चालते, चालते. लोक एवढं नाही पाहत." लोक एवढं पाहत नाहीत, यावरच त्याचं सगळं दुकान उभं होतं.

चॅनेलच्या नावात त्यानं 'दवंडी' घातली. पहिल्या शूटिंगला तुमच्यापुढे नवंकोरं डफडं आणून ठेवलं. तुम्ही ते उचलून खताच्या पोत्यावर ठेवलं आणि म्हणाले, "ज्या दुकानातून आणलं त्याले वापस करा." आपल्याला वाटलं विषय संपला. व्हिडिओ आला तेव्हा तुमच्या तोंडून शब्द निघायच्या आधी डफडं वाजत होतं. मागून घातलेलं. तुम्ही भांडले नाही. दुकानात यायचंच बंद केलं. मालक मला म्हणाला, तो येत नसेल तर तुझंही काम काय? मग मी तुमच्या घरी आले आणि म्हटलं, "काकाजी, नुसता आवाजच तर आहे." तुम्ही माझ्याकडे जसं पाहिलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही परत आले. माझी नोकरी राहावी म्हणून आले. डफडं वाजतच राहिलं.

आपलं खरं भांडण मात्र पहिल्या वाक्याचं. ते कधी मिटलंच नाही. तुम्ही म्हणायचे, दवंडी कुठूनही तोडली तरी खरीच निघाली पाहिजे. एकदा दुकानातच करून दाखवली. "उद्या सकाळी शाळेत डोस. लेकरायले डोस, शाळेत, उद्या सकाळी. शाळेत आणा लेकरं, उद्या, डोसाले." मी म्हटलं, एकच गोष्ट तीनदा, लोक कंटाळतील.

"तीनदा कुठं वं? एक बाई चुलीपाशी आहे, तिनं पहिलं ऐकलं. एक पाणी भरून राह्यली, तिनं मधलं. एक वावरात निंगाली, तिच्या कानावर शेवटचं पडलं. तिघींनी एकएकदाच ऐकलं."

"आता तसं नसतं, काकाजी. आता आधी माणूस थांबवावा लागतो."

"माणूस थांबते. बाई थांबत नसते. तिच्या हातात काम असते."

हे मी हसण्यावारी नेलं. मी स्वतः बाई. पण तेव्हा माझ्या हातात फोन होता.

मग बोंडअळीचं साल आलं. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. भरपाईसाठी पंचनामे होणार अशी बातमी आली आणि तिच्या मागोमाग अफवा आल्या. कोणी म्हणे कपाशी लगेच उपटून टाका, नाही तर पुढच्या सालीही कीड सोडत नाही. पण उपटल्यावर पंचनाम्याला दाखवणार काय? म्हणून लोकांना सांगायचं होतं की पंचनामा होईपर्यंत पीक उभं ठेवा. साधी, कामाची गोष्ट. ती मी अशी लिहिली:

'ऐका हो ऐका! पऱ्हाटी उपटून टाका!' इथे थांबायचं, कॅमेऱ्यात पाहायचं. मग पुढे, 'असं कोणी सांगत असंल तर ऐकू नका. पंचनामा होईस्तोवर पऱ्हाटी उभी ठेवा.'

शिबिरातल्या पोरानं टाळ्या वाजवल्या असत्या. भीतीचं, उलटं आणि अर्धं, तिन्ही एका ओळीत बसवलं होतं मी.

तुम्ही कागद वाचला आणि मान वर केली. कॅमेरा तेव्हा सुरूच होता.

"बीए, हे उलटं आहे. वाटंनं जाणाऱ्यानं एवढंच ऐकलं तं? वावर उपटंल नं तो."

मी हसले. जोरात हसले. "अर्धं ऐकावं म्हणूनच तर लिहिलं. पुढचं ऐकायला थांबतीन लोक."

"दुसरं लिह्य."

"काकाजी, ही दवंडी नाही, व्हिडिओ आहे. तुम्ही वाचा ना."

तुम्ही परत कागदाकडे पाहिलं. "बरं. तू शिकलेली आहेस. तुले समजत असंल."

आणि वाचलं. लिहिलं होतं तसं, थांबायचं तिथे थांबून, तीस वर्षांच्या त्या आवाजात. तू शिकलेली आहेस, हे वाक्य आमच्या घरात मला सगळ्यांनी कौतुकानं म्हटलं आहे. तुम्ही म्हटलं तेव्हा तेवढं मला लागलं नाही. आता ते रोज लागतं.

तुम्ही जिथे थांबले नेमकी तिथे मालकानं कात्री लावली. पहिला तुकडा वेगळा काढला. पुढे डफडं, मागे दुकानाची पाटी, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'पूर्ण व्हिडिओ चॅनेलवर'. स्टेटसला ठेवा म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला. मी विचारलं तर म्हणाला, "ट्रेलर आहे तो. अर्धं दाखवलं का येतीन पुढचं पाहाले." माझीच शिकवण मला ऐकवली.

तांड्यात जमनाबाईच्या घरी तो तुकडा सुनेच्या फोनवर वाजला. जमनाबाई भाकरी थापत होती. तिनं फोनकडे पाहिलंही नाही. आवाज ऐकला, कोतवालाचा. सासू-सुना दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात उतरल्या आणि दोन दिवसांत सगळी कपाशी उपटून बांधावर टाकली. अळी होती, पण वरच्या बोंडांतून कापसाचा एक वेचा नक्की निघाला असता. तीन दिवसांनी पंचनाम्याचे लोक आले. बांधावरचा वाळलेला ढीग पाहून त्यांच्यातला एक म्हणाला, "बाई, उभं पीकच नाही तं मी लिहू काय?"

"कोतवालानं सांगतलं उपटा म्हणून."

"कोणत्या कोतवालानं?"

तिनं तुमचं नाव घेतलं. त्या दिवसापासून तांडा तुमचं नाव घेऊन थुंकायला लागला.

तुम्ही लागोपाठ तीन सकाळी नाला ओलांडून तिच्या दारात गेले. पहिल्या दिवशी तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "रिटायर झाल्यावर खोटी दवंडी द्याची हौस आली वाट्टे?" तिसऱ्या दिवशी जमनाबाई स्वतः बाहेर आली. "तीस साल तुमच्या आवाजावर लेकरायले डोस पाजले. आता तुमचा आवाज आला का कान झाकतो मी." हे सगळं तुम्ही मला तुमच्या ओट्यावर बसून शब्दाला शब्द सांगितलं.

मी विचारलं, "ओळ बीएनं लिहिली, हे सांगितलं का तिला?"

"कायले? आवाज माहा होता."

याचा मला अजून राग आहे, काकाजी. तुमच्यावर आहे. तुम्ही मला एक शिवी द्यायला पाहिजे होती. तांड्यात माझं नाव सांगायला पाहिजे होतं. मला झाकून तुम्ही एकटे उभे राहिले आणि मी तुमच्या मागे लपून राहिले, शिकलेली बाई. उपकार म्हणून हे मी विसरणार नाही आणि उपकार म्हणून माफही करणार नाही.

आपण दोघं मालकाकडे गेलो होतो. त्यानं खुर्ची सरकवली, तुम्ही बसले नाही. "तेवढा तुकडा काढा. अन् मले कॅमेऱ्यासमोर एकदा सांगू द्या का चूक झाली."

"कोतवाल, सध्या तोच तं चालून राह्यला. एवढा सीझन जाऊ द्या."

दिवाळीनंतर पाहू म्हणाला. दिवाळीनंतर म्हणाला संक्रांतीनंतर. सीझन गेला. तुम्हीही गेले.

डॉक्टर म्हणाला, हृदय. मी बी.ए. आहे, डॉक्टर नाही, त्याच्या शब्दावर शब्द चढवत नाही. मला एवढं माहीत आहे की शेवटचे दोन महिने तुम्ही दारात बसून कोणालाही हाक मारली नाही. ज्याचा आवाज नाल्यापलीकडे जायचा तो माणूस काकूंना पाणी मागायला हातानं खूण करायचा. काकू चिडायच्या, "तोंड नाही का तुमाले?" तुम्ही पुन्हा हातच हलवायचे.

आता त्या ओळीचं सांगते.

व्हिडिओखाली अक्षरं टाकायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून कॅमेऱ्यातलं सगळं न कापलेलं माझ्याजवळ राहायचं. मालक ते विसरला होता. त्या दिवसाचं शूटिंग मी काढून पाहिलं. त्यात तुम्ही नको म्हणताना स्पष्ट दिसता. दुसरं लिह्य म्हणता ते स्पष्ट ऐकू येतं. आणि माझं हसणं तर तुमच्यापेक्षाही मोठ्यानं ऐकू येतं. एक मिनिट वाटलं, तेवढं हसणं काढून टाकावं. हात कात्रीवर गेलासुद्धा. मग मालकानं लावलेली कात्री आठवली आणि हात मागे घेतला.

जलदान आटोपलं, पंगती उठल्या. दुपारी तुमच्याच ओट्यावर बसून मी ते जसंच्या तसं माझ्या नावानं टाकलं. सुरुवातीला स्वतः बोलले: "मी प्रणाली. कपाशी उपटा ही ओळ मी लिहिली, कोतवाल नको म्हणाले होते, आणि दुकानदारानं ती अर्धी कापून गावोगाव पाठवली." पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले. लागू द्या. तीच ओळ मालकाला पाठवली आणि खाली लिहिलं, तुम्ही मागितली होती ती पहिली लाइन.

दहा मिनिटांत त्याचा फोन.

"काढ ते आधी. तू हासून राह्यली त्यात. इज्जत तुहीच जाईन."

"जाऊ द्या."

"तुले माणसात कोणी आणलं? नोकरी कोणी देल्ली?"

"नोकरी तुम्ही दिली. माणसात मी आधीच होती."

त्यानं तुमचा हारवाला व्हिडिओ टाकलाच, डफड्यासकट. आपल्या गावच्या पोरांनी त्याच्या खाली माझा व्हिडिओ इतक्यांदा चिकटवला की सूर्य मावळायच्या आत त्याला आपला उतरवावा लागला. मला आनंद झाला. तुमच्या ओट्यावर, रडणाऱ्या बायांच्या शेजारी बसून मी पदराआड हसले. हे हसणं मला कधी लागणार नाही.

पण जमनाबाईनं ते पाहिलं असेल यावर माझा भरवसा नव्हता. म्हणून मी तांड्यात गेले. ती अंगणात हरभरा पाखडत होती. मी समोर बसले आणि फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला. सूप चालूच होतं. तुमचं "दुसरं लिह्य" ऐकल्यावर ते थांबलं.

"परत लाव."

मी परत लावलं.

"हे हासून कोण राह्यलं?"

"मी."

"लिहिलं कोणी?"

"मीच."

"अन् कोतवाल नाही म्हणून राह्यले?"

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग आमी त्यायले काहून शिव्या देल्ल्या?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तू गप राह्य. तुह्यासाठी माह्यापाशी काही नाही. कोतवालाची बायको घरी आहे का?"

ती आणि तिची सून नाला ओलांडून तुमच्या घरी आल्या. मी दहा पावलं मागे. सोबत चाल असं कोणी म्हटलं नाही आणि मी तशी आशाही धरली नव्हती. दारात उभी राहून जमनाबाई म्हणाली, "बाई, तुमच्या माणसानं खोटी दवंडी नाही देल्ली. खोटं आमी बोललो." काकू तुम्ही गेल्यापासून घुम्या होत्या. त्या तेव्हा मोठ्यानं रडल्या. जमनाबाई त्यांना धरून खाली बसली. मी आत गेले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तांड्याच्या बारा-पंधरा बाया दिग्रसला मालकाच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. कोणी दगड उचलला नाही, कोणी आत शिरलं नाही. प्रत्येकीनं आपापल्या घरचा फोन आणला होता आणि प्रत्येकीनं तोच व्हिडिओ लावला होता, एकीचा संपला की दुसरीचा. भर बाजारात तुमचा आवाज फिरत होता: दुसरं लिह्य, दुसरं लिह्य. गिऱ्हाइकं बियाण्याच्या पिशव्या परत ठेवून बाहेर येऊन ऐकायला लागली. मालकानं आधी चहा मागवला. मग पोलिसांना सांगतो म्हणाला. एक बाई म्हणाली, "सांग नं. त्यायलेबी ऐकवतो." शेवटी भरदुपारी त्यानं स्वतःच्या हातानं शटर ओढलं. रस्त्यापलीकडे उभी राहून मी ते खाली टेकेपर्यंत पाहिलं. एवढं सुख मला निकालाच्या दिवशीही झालं नव्हतं.

शटर पडल्यावर सुनेला मी दिसले. तिनं सगळ्यांना बोट करून दाखवलं. "ते पाहा, लिहिणारी." आणि बायांनी बाजारात मोठ्यानं शिवी दिली, दोघांना मिळून एकच, लिहिणारीला आणि कापणाऱ्याला. मी जागची हलले नाही. तांड्यात आता ती शिवी चालू झाली आहे, म्हणे. त्या माणसासोबत एका शिवीत राहणं मला मान्य आहे, काकाजी. तुम्ही तिच्यातून बाहेर निघाले.